इंग्रजी कानावर पडतं कुठे?

मराठी शाळेतल्या शिक्षकांचं इंग्रजीचं प्रशिक्षण असलं की एक सल्ला हमखास मिळतो: व्याकरण शिकवू नका, वाक्यरचना फळ्यावर मांडू नका, मुलांच्या कानावर इंग्रजी पडू द्या, भाषा आपोआप येईल. शैक्षणिक मासिकांतले लेख हेच सांगतात, रविवारच्या पुरवणीतला पालकांसाठीचा सल्लाही हाच असतो. फळ्यावर अजूनही कर्ता, क्रियापद, कर्म असे रकाने आखणारा शिक्षक मग जुन्या वळणाचा ठरतो आणि मुलांच्या मनात इंग्रजीची धास्ती घातल्याचा ठपकाही त्याच्यावरच येतो. नवीन जालन्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारा शिक्षक म्हणून मला या सल्ल्याचा प्रतिवाद करायचा आहे. ज्या मुलांच्या कळवळ्याने तो दिला जातो, त्यांचंच त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं आहे.

कानावर पडू द्या म्हणता, पण पडायला ते आहे कुठे? कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना, आणि नवीन जालना म्हणजे व्यापारपेठ. मामा चौकातून सराफ्याकडे आणि पुढे काद्राबादेत चालत जा. मराठी ऐकू येईल, दखनी वळणाची हिंदी आणि उर्दू ऐकू येईल, पेढ्यांवर मारवाडी ऐकू येईल, सिंधीही कानी येईल. इंग्रजी डोळ्यांना भरपूर दिसेल. दुकानांच्या पाट्यांवर, बियाण्यांच्या पाकिटांवर, मोबाइलच्या जाहिरातींवर ते आहेच. ऐकू मात्र येणार नाही. इथे गिऱ्हाईक इंग्रजीत घासाघीस करत नाही आणि रोलिंग मिलमधला मुकादम इंग्रजीत काम सांगत नाही. मुलांच्या हातात मोबाइल आला आहे हे खरं, पण त्यातून त्यांच्यापर्यंत पोचतात ते सुटे शब्द. त्यांच्याशी कुणी इंग्रजी वाक्य बोलतंय आणि उत्तराची वाट पाहतंय, असं त्या मोबाइलमध्ये होत नाही.

ही स्थिती आजची नाही. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्यात १८८० सालचं न्यू इंग्लिश स्कूल अशा संस्थांमुळे तिकडच्या काही घरांत इंग्रजी वर्तमानपत्र, इंग्रजी पत्रव्यवहार आणि इंग्रजीतली वकिली पिढ्यान्‌पिढ्या झिरपत गेली. मराठवाड्यातल्या शिकलेल्या आजोबांना उर्दू येत होती, फारसीही थोडीफार येत होती. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याचं स्वतःचं विद्यापीठ १९५८ साली झालं. म्हणजे घरात कुणीतरी इंग्रजी बोलतंय आणि ते ऐकत पोर वाढतंय, असं जालन्यातल्या बहुसंख्य घरांत कधी घडलंच नाही. पुण्यातल्या प्रभात रोडवर बसून ‘आपोआप’ म्हणणं सोपं आहे. तिथे घरात शिरलेलं इंग्रजी मोजायचं राहून जातं.

आपोआपवाद्यांचा लाडका दाखला आईच्या भाषेचा असतो. मूल मातृभाषा शिकतं तेव्हा त्याला कोण व्याकरण शिकवतं, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांत देतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा ठरवून दिली आहे. २२० दिवसांपैकी एकही दिवस निवडणुकीच्या, जनगणनेच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामात गेला नाही असं समजू. रोज इंग्रजीची एक तासिका झाली आणि ती पूर्ण चाळीस मिनिटांची झाली असंही समजू. वर्षभराची बेरीज येते १४७ तासांच्या आसपास. तान्हं मूल दिवसाला दहा तास जागं धरलं तर तेवढे तास ते पंधरवड्यात पार करतं. म्हणजे बाळाचा एक पंधरवडा बरोबर शाळेचं एक वर्ष. शाळेच्या दहा वर्षांत जेवढं इंग्रजी कानी पडेल, तेवढी मराठी बाळाने वर्षाच्या आत ऐकलेली असते, आणि त्या वयात बाळ अजून ‘आई’, ‘बाबा’वर असतं. शिवाय बाळाशी बोलणारी माणसं त्याच्या हातातल्या खेळण्याबद्दल, समोरच्या वरणभाताबद्दल, त्याच्याकडे बघून बोलतात. वर्गात एका शिक्षकासमोर पन्नास मुलं असतात.

महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. जितक्या लवकर कानावर पडेल तितकं बरं, हाच विचार त्यामागे होता. वर्षं वाढली, कानावर पडणं मात्र फारसं वाढलं नाही. २०१६ सालच्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं ४५ टक्के होती. २००९ साली हाच आकडा ६० टक्के होता. याचं सगळं खापर मी एका सल्ल्यावर फोडणार नाही, कारणं पुष्कळ आहेत. पण आपोआप काही येत नाही, एवढं तरी या आकड्यांवरून मान्य करायला हरकत नसावी.

आता आपोआप काय येतं तेही पाहू. जालन्यातल्या कुठल्याही शाळेत जा. वर्गाच्या दारात उभं राहून पोरगं म्हणेल, ‘मे आय कम इन सर?’ उच्चार ठीक, आवाज खणखणीत. हे वाक्य त्याला कुणी व्याकरणाने शिकवलेलं नाही. पहिलीपासून रोज कानावर पडलं, रोज तोंडी आलं, अगदी प्रशिक्षणात सांगतात तसंच ते त्याने मिळवलं. त्याच पोराला सांगा, तुझा धाकटा भाऊ बाहेर उभा आहे, त्याला आत घेऊ का असं विचार. पोरगं गप्प होतं. ‘मे माय ब्रदर कम इन?’ हे वाक्य त्याच्या हाताशी असलेल्या वाक्यापासून एका शब्दाच्या अंतरावर आहे, आणि ते अंतर त्याला ओलांडता येत नाही. कारण त्याच्या लेखी ‘मेआयकमिन’ हा एक अख्खा आवाज आहे. त्यात चार शब्द आहेत, त्यांना ठरलेल्या जागा आहेत, आणि ‘आय’च्या जागी दुसरं कुणीही बसू शकतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. फळ्यावर चार रकाने आखले, ‘आय’च्या खाली ‘वी’, ‘शी’, ‘माय ब्रदर’ लिहिलं, ‘कम इन’च्या खाली ‘गो होम’, ‘सिट हिअर’, ‘टेक धिस पेन’ लिहिलं, की तीच मुलं दहा मिनिटांत डझनांनी वाक्यं करतात. यातली बहुतेक वाक्यं त्यांनी आयुष्यात ऐकलेली नसतात. न ऐकलेलं वाक्य तयार करता येणं म्हणजेच भाषा येणं, आणि ते रकान्यांनी साधतं. रकान्यांना यांत्रिक म्हणून हिणवणाऱ्यांनी ‘मे आय कम इन’वर दहा वर्षं अडकून पडलेल्या मुलाकडे एकदा पाहावं. खरं यांत्रिक बोलणं तिथे आहे.

जिथे मराठी आणि इंग्रजीचे सांगाडेच वेगळे आहेत, तिथे हा फरक उघड करून दाखवण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते इंग्रजी शिकवण्यातला सर्वांत कसदार भाग हाच, आणि सल्लागार नेमका तोच वगळायला सांगतात. एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. मला भूक लागली. मला ताप आला. मला दोन भाऊ आहेत. मला पोहता येतं. मला गावाला जायचंय. मराठीत ही सगळी वाक्यं एकाच साच्याची आहेत: माणूस ‘ला’ लावून बाजूला बसतो आणि भूक, ताप, भाऊ, पोहणं त्याच्याकडे येतं. काद्राबादेतलं उर्दू शाळेतलं मूलही ‘मेरेको भूख लगी’ म्हणतं, त्याचाही साचा हाच. मारवाडी घरातलं मूल ‘म्हने’ म्हणतं, त्याचाही हाच. इंग्रजीला ही मांडणी रुचत नाही. तिथे माणूस पहिल्या खुर्चीवर बसलाच पाहिजे: आय एम हंग्री, आय हॅव फीवर, आय हॅव टू ब्रदर्स, आय कॅन स्विम, आय वॉन्ट टू गो. मराठीतला एक साचा इंग्रजीत तीन-चार साच्यांत विभागला जातो, मात्र पहिली जागा पाचही वाक्यांत एकच राहते.

हे न सांगता सोडलेली मुलं काय लिहितात? ‘मी फीवर केम.’ ‘मी टू ब्रदर्स आर.’ याला आपण चुका म्हणतो, पण त्या आळसातून किंवा मंदबुद्धीतून आलेल्या नाहीत. मूल आपल्या भाषेचा साचा चोख वापरतंय, फक्त तो इंग्रजीचा नाही. अशा मुलासमोर आणखी पन्नास वेळा ‘आय हॅव फीवर’ उच्चारलं तरी त्याच्या मनातला साचा हलत नाही, कारण असा काही साचा आपल्या मनात आहे याचाच त्याला पत्ता नसतो. पाचही मराठी वाक्यं एकाखाली एक लिहा, शेजारी पाच इंग्रजी वाक्यं लिहा आणि मुलांनाच विचारा, काय दिसतं? ‘सर, सगळीकडं मला, अन्‌ तिकडं सगळीकडं आय’ हे उत्तर मुलांकडूनच येतं. तासिकेतली दहा मिनिटं त्यात जातात आणि पुढची काही वर्षं वाचतात.

प्रश्न विचारण्याचंही तसंच आहे. मराठीत प्रश्न विचारताना वाक्याची घडी मोडत नाही. ‘तू जालन्यात राहतोस’, ‘तू जालन्यात राहतोस का’, ‘तू कुठे राहतोस’: क्रियापद जिथे होतं तिथेच राहिलं. म्हणून मूल ‘यू व्हेअर लिव्ह?’ म्हणतं, आणि त्याच्या बाजूने ते अगदी बरोबर असतं. इंग्रजीत मात्र प्रश्नासाठी ‘डू’ नावाचा एक मदतनीस बाहेरून आणावा लागतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही. तो घाईत उच्चारला जातो, धड ऐकूही येत नाही. ज्याला अर्थ नाही आणि जे नीट ऐकूही येत नाही, ते कानाने उचलायचं कसं? इतकी साधी गोष्ट आपोआपवादाला सांगता येत नाही. दहावी झालेली मुलगी मुलाखतीला जाते, समोरचा बोलतो ते तिला बरंचसं कळतं, पण उलट एक प्रश्न विचारायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटते. तिला शब्द माहीत असतात. प्रश्नाचा साचा तिच्याकडे नसतो. आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही, तो कुठल्याही कचेरीत फक्त उत्तरं देत राहतो.

या टप्प्यावर नावं घेतली जातात. स्टीफन क्रॅशन यांचं नाव पहिलं. समजेल असं, पण शिकणाऱ्याच्या पातळीच्या किंचित पुढचं इंग्रजी भरपूर मिळालं की भाषा आत मुरते आणि जाणीवपूर्वक शिकलेल्या नियमांचा उपयोग फार थोडा, असं त्यांनी १९८२ सालच्या पुस्तकात मांडलं. यातल्या ‘भरपूर’ या अटीचं काय होतं ते वर पाहिलंच. पण भरपूर मिळूनही काय घडतं याचाही पुरावा उपलब्ध आहे. कॅनडात १९६५ सालापासून मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून शाळा फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. ही मुलं गणित फ्रेंचमध्ये शिकली, इतिहास फ्रेंचमध्ये शिकली, हजारो तास त्यांनी फ्रेंच ऐकली. ती फ्रेंच उत्तम समजू लागली. तरी वर्षानुवर्षांनंतरही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या त्याच त्या चुका टिकून राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याच मुलांच्या अभ्यासावरून दाखवलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, वाक्य स्वतः रचायला भाग पाडावं लागतं. पुढे जॉन नॉरिस आणि लुर्डेस ऑर्टेगा यांनी २००० साली ४९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र ताडून पाहिले. नियम आणि रचना उघड करून शिकवलेलं अधिक परिणामकारक, असाच त्यांचा निष्कर्ष आला. आमच्या प्रशिक्षणात क्रॅशन येतात. स्वेन येत नाहीत, नॉरिस आणि ऑर्टेगाही येत नाहीत.

दुसरं नाव आपल्या जवळचं, म्हणून मला जास्त आदराचं: एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये ‘बंगळूर प्रकल्प’ चालवला. वाक्यरचनांची आखीव यादी त्यांनी बाजूला ठेवली आणि मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे यांवरची कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. कल्पना सुंदर होती आणि मीही ती वर्गात वापरतो. पण तिचा निकाल जसा सांगितला जातो तसा तो नाही. अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हीस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात प्रयोगातली मुलं त्यांच्या पद्धतीच्या चाचणीत सरस ठरली आणि रचना शिकलेली मुलं रचनेच्या चाचणीत सरस ठरली. इतर काही चाचण्यांत प्रयोगातल्या मुलांची बाजू वरचढ दिसली, हेही नमूद करायला हवं. परंतु १९९० साली बेरेटा यांनीच हा प्रकल्प राबवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा नेहमीच्या शाळाशिक्षकांपैकी बहुतेकांना ही पद्धत पेलली नसल्याचं दिसलं. ज्यांना ती पेलली ते प्रामुख्याने इंग्रजीवर पक्की हुकमत असलेले, खास तयारीचे लोक होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच शिक्षक गणितही शिकवतो, परिसर अभ्यासही शिकवतो आणि पोषण आहाराचा हिशेबही ठेवतो. त्याच्याकडून अखंड, अस्खलित, प्रसंगाला सुचेल तसं इंग्रजी मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. वाक्यरचनेचा तक्ता त्याला उभं राहायला जमीन देतो. आज ही रचना, तिची ही वीस वाक्यं, तिचे हे प्रश्न, एवढं तो प्रामाणिकपणे आणि बिनचूक शिकवू शकतो.

वाक्यरचना शिकवणं ही इंग्रजांची जुनी खोड आहे, असाही एक आक्षेप ऐकला. इतिहास वेगळं सांगतो. हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली अदलाबदलीचे शंभर तक्ते छापले आणि १९२२ साली ते जपानला गेले. ए. एस. हॉर्नबी त्यांच्या मागोमाग तिथे शिकवायला आले. त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना शाळेबाहेर इंग्रजी ऐकू येत नव्हतं, आणि त्यांची जपानी भाषा क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणारी होती. अगदी आपल्यासारखी. या मुलांना कुठलं क्रियापद पुढे काय मागतं हे कळावं म्हणून हॉर्नबी यांनी क्रियापदांचे साचे शोधून मांडले. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला, तोच पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश म्हणून जगभर गेला. १९५४ साली त्यांनी रचनांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, त्यात क्रियापदांचे २५ साचे आहेत. ज्यांच्या कानावर इंग्रजी पडत नाही आणि ज्यांचं क्रियापद शेवटी येतं, अशांच्या गरजेतून हे साधन जन्मलं. ते टाकायला सांगितलं जातंय कुणाला, तर नवीन जालन्यातल्या मुलांना.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्याला बगल देणं बरोबर होणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षं आपण व्याकरणच शिकवलं ना? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं व्याकरणाचं पुस्तक आलं. मग मॅट्रिक झालेली माणसं इंग्रजी बोलताना का अडखळत होती? माझं उत्तर असं की त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी वाक्य करायला शिकवलंच नव्हतं. केलेल्या वाक्याची चिरफाड करायला शिकवलं होतं. आजही दहावीची तयारी म्हणजे काय? ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, प्रयोग बदला, अधोरेखित शब्दाची जात ओळखा. मूल या प्रश्नांच्या युक्त्या पाठ करतं, गुण मिळवतं आणि ‘मला उद्या सुट्टी हवी आहे’ एवढं इंग्रजीत म्हणू शकत नाही. तेच मूल पुढे अभ्यासिकेत बसून एमपीएससीसाठी नियम आणि अपवादांच्या याद्या घोकतं. या शिकवणीविरुद्ध आपोआपवादी बोलतात तेव्हा मी त्यांच्याच बाजूला उभा असतो. त्यांचं चुकतं ते पुढे: वाक्याची चिरफाड नको, म्हणून ते वाक्याची बांधणीही नको म्हणतात.

दोन्हींतला फरक कर्मणी प्रयोगावरून स्पष्ट होईल. ‘राम ईट्स अ मँगो’ याचं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करा, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. असं वाक्य जगात कुणी कधी बोलत नाही. आता सेमी इंग्रजीच्या आठवीतल्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. ‘द मिक्श्चर इज हीटेड. द वॉटर इज कलेक्टेड.’ पानोपानी हीच रचना. कोण तापवतं हे तिथे महत्त्वाचं नसतं, मिश्रणाचं काय होतं ते महत्त्वाचं असतं, म्हणून मिश्रण वाक्याच्या पुढे येतं. ही रचना कळली नाही तर तिला मिश्रणच काहीतरी तापवतंय असं वाटतं आणि तिचं इंग्रजीच नव्हे, विज्ञानही बुडतं. हे तिला मराठीतून समजावता येतं: ‘मिश्रण तापवलं जातं’ हे तिच्या भाषेतही आहे. मग तिला चहा कसा करतात, मोसंबीचं कलम कसं बांधतात, भंगारापासून सळई कशी तयार होते ते याच रचनेत सांगायला लावा. तिचे वडील रोलिंग मिलमध्ये असतील तर शेवटचं ती शिक्षकापेक्षा चांगलं सांगेल. व्याकरण म्हणजे मला हे अभिप्रेत आहे.

आपोआपवाद्यांचा एक मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. शिकवलं की लगेच आलं, असं भाषेत होत नाही. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’ घ्या. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ साली स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केला. त्यांत हा प्रत्यय अगदी उशिरा स्थिरावणाऱ्यांपैकी निघाला, मुलाची मातृभाषा कुठलीही असो. म्हणून चौथीतलं मूल ‘ही गो टू स्कूल’ म्हणालं तर त्याला टोकू नये, गुण तर मुळीच कापू नयेत. रचना बरोबर आहे, ‘ज’ मागाहून येईल. पण ‘ही स्कूल टू गो’ म्हणालं तर तिथे थांबायलाच हवं, कारण तिथे वाक्यच उभं राहिलेलं नाही. कुठली चूक सोडायची आणि कुठली धरायची हे कळायलाही शिक्षकाला रचना माहीत असावी लागते. ‘चुका सुधारूच नका, आत्मविश्वास जाईल’ हे सरसकट फर्मान त्याची ही समजच काढून घेतं. मुलाचा आत्मविश्वास कौतुकाच्या टाळ्यांपेक्षा पुढचं वाक्य कसं करायचं हे माहीत असण्याने कितीतरी जास्त वाढतो.

इंग्रजीच्या तासाला मराठीला मज्जाव, हा या सल्ल्याचाच जोडीदार. वर मी जे जे सांगितलं, ते मराठी शेजारी ठेवल्याशिवाय शिकवताच येत नाही. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली दोन भाषा शेजारी ठेवून शिकवण्याची पद्धत पद्धतशीर मांडली. आपल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाच्या घरच्या भाषा वर्गात साधन म्हणून वापरा, असंच सांगितलं आहे. त्याच आराखड्याचा दाखला देऊन व्याकरण बंद करणारे हा भाग वाचत नाहीत. मराठीला दाराबाहेर ठेवून आपण मुलाची निम्मी बुद्धीही बाहेर ठेवतो.

या मतभेदाला एक सामाजिक बाजू आहे आणि ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे त्यांच्या मुलांना वर्गात रचना शिकवली नाही तरी बिघडत नाही. आई-वडील सांगतील, नाहीतर शिकवणी लावतील. चंदनझिऱ्याच्या कामगाराच्या मुलीला हे ज्ञान शाळेत मिळालं नाही तर कुठेच मिळणार नाही. तिला ‘ऐक, येईल’ असं सांगणं म्हणजे किल्ली खिशात ठेवून दार उघडण्याची वाट बघायला लावणं आहे. याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच गावात आता रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे. बियाणे कंपन्यांची प्रयोगशाळा, स्टीलचे कारखाने, अभियांत्रिकीचे वर्ग, सगळीकडे दारात इंग्रजी उभं आहे. त्या नोकऱ्या आणि त्या जागा बाहेरगावच्या मुलांनी घ्यायच्या आणि आमच्या मुलांनी गेटवर नोंदवही सांभाळायची, हे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी सुटसुटीत आहे. पाचवी ते आठवीच्या चार वर्षांत विधान, नकार, प्रश्न, ‘आहे’ची वाक्यं, ‘मला’ची वाक्यं, भूतकाळ, भविष्यकाळ, विनंती आणि कर्मणी रचना एवढे साचे मराठीशी ताडून, उघडपणे शिकवावेत. प्रत्येक साच्यावर मुलांनी आपल्या घराबद्दल, शेताबद्दल, बाजाराबद्दल तोंडी वाक्यं करावीत, एकमेकांना प्रश्न विचारावेत, मग लिहावं. संज्ञा कमीत कमी असाव्यात, वाक्यं जास्तीत जास्त. गाणी, गोष्टी, कोडी सगळं त्यासोबत चालू राहू दे, कारण रचना कळलेल्या मुलाला गोष्टही अधिक कळते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतून ‘टू’ काढण्याचे आणि शब्दांची जात ओळखण्याचे प्रश्न वगळावेत, आणि त्या गुणांत मुलांना दिलेल्या प्रसंगावर स्वतःचे पाच प्रश्न तयार करायला सांगावेत. परीक्षा बदलली की वर्ग बदलतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आणि शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणात तज्ज्ञांनी एक दिवस भाषण बाजूला ठेवून मराठी किंवा उर्दू शाळेतल्या सहावीच्या वर्गावर उभं राहावं, चाळीस मिनिटांत फक्त कानावर इंग्रजी पाडून त्या मुलांकडून ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हा प्रश्न आणि त्याच्यासारखे आणखी दहा प्रश्न तयार करून घेऊन दाखवावेत. आम्ही मागच्या बाकावर बसून बघायला तयार आहोत.